नवऱ्यामागे दोन दावेदार: दक्षिण आफ्रिकेतील एका रूढीविवाहाचे प्रकरण

२८ फेब्रुवारी २००९ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातला एक गृहस्थ वारला. त्याच्या बायकोशी त्याचे लग्न १ जानेवारी १९८४ रोजी, त्सोंगा समाजाच्या रीतीप्रमाणे गावातच झाले होते. पंचवीस वर्षे संसार झाला. या काळात लग्नाचा कागद कोणी मागितला नाही आणि तिनेही काढला नाही. तो गेल्यावर ती लग्नाची नोंद करायला गृहखात्यात गेली. (तिथले गृहखाते पोलिसांचे नव्हे, जन्म, मृत्यू, विवाह आणि ओळखपत्रे यांचे.) तिथे तिला कळले की याच माणसाची बायको म्हणून आणखी एकीने नोंदणीची मागणी केली आहे. या दुसरीच्या म्हणण्याप्रमाणे तिचे लग्न २६ जानेवारी २००८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम तेरा महिने आधी, लागले होते.

पहिलीचे म्हणणे थोडक्यात असे: या लग्नाचे मला कोणी सांगितले नाही, मी संमती दिली नाही, तेव्हा ते लग्नच नाही. दुसरीने उलट पहिलीच्याच लग्नावर आक्षेप घेतला. नवरा हयात नव्हता, त्यामुळे एका वाक्यात मिटला असता असा वाद देशाच्या घटना न्यायालयापर्यंत, म्हणजे सर्वोच्च अपील न्यायालयाच्याही वर, गेला. ३० मे २०१३ रोजी त्याचा निकाल लागला आणि ‘मायेलाने विरुद्ध न्ग्वेन्यामा’ या नावाने तो आज दक्षिण आफ्रिकेत कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. खालच्या दोन्ही न्यायालयांच्या अहवालांत दोघींची फक्त आद्याक्षरे छापली होती. इथेही त्यांना पहिली आणि दुसरी एवढेच म्हणतो.

प्रकरण वरवर पाहिले तर सवती-सवतींचे भांडण वाटते, आणि कायद्याच्या वर्गात ते बहुपत्नीकत्वाच्या धड्यात घातले जाते. मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. एखाद्या समाजाची रूढी काय आहे हे कोणी सांगायचे? न्यायाधीशाने, पुस्तकाने, गावच्या प्रमुखाने, की त्या रूढीत नांदलेल्या बाईने? सगळा खटला या प्रश्नाभोवती फिरला आहे.

कागद नव्हता, कारण कायद्याच्या लेखी लग्नच नव्हते

पहिलीने इतकी वर्षे नोंद का केली नाही, असे विचारणे सोपे आहे. पण १९८४ साली तिच्या लग्नाला देशाचा कायदा ‘विवाह’ म्हणतच नव्हता. कृष्णवर्णीयांच्या रूढीप्रमाणे झालेल्या लग्नांना ‘रूढीगत संबंध’ असे दुय्यम नाव होते. १९२७ च्या कृष्णवर्णीय प्रशासन कायद्याने आणि त्याच्या आसपासच्या न्यायनिर्णयांनी ही पायरी ठरवून दिली होती. चर्चमधले किंवा सरकारी अधिकाऱ्यासमोरचे लग्न ते खरे. बाकीच्यांमध्ये बहुपत्नीकत्वाची शक्यता असते, म्हणून ती सुसंस्कृत राज्याला मान्य नाहीत, असा युक्तिवाद. एखादीला बारा मुले असोत की तिने चाळीस वर्षे संसार केलेला असो, त्याने काही फरक पडत नसे.

याच देशात याच युक्तिवादाचा चटका भारतीयांनाही बसला होता. मार्च १९१३ मध्ये केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला आणि ख्रिस्ती विधीने न झालेली, नोंद नसलेली भारतीयांची लग्ने एका फटक्यात बेकायदा ठरण्याची वेळ आली. गोपाळ कृष्ण गोखले तिथला दौरा करून परतले त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. करार संपलेल्या भारतीय मजुरांवरच्या तीन पौंडांच्या कराचा प्रश्न सुटेल असे त्यांना वाटत होते, आणि वर हे नवे संकट. कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या त्यामागे हा निकाल मोठे कारण होता. १९१४ च्या कायद्याने भारतीयांच्या एकपत्नी लग्नांची सोय झाली. आफ्रिकी बायकांना मात्र शतक संपेपर्यंत थांबावे लागले.

तो थांबा संपला ‘रूढीविवाह मान्यता कायदा, १९९८’ने. प्रत्यक्ष अंमल १५ नोव्हेंबर २००० पासून. आधी झालेली आणि तेव्हा अस्तित्वात असलेली रूढीविवाहाची नाती त्याने पूर्ण विवाह म्हणून मान्य केली. पुढच्या लग्नांसाठी तीन अटी घातल्या: दोघेही अठरा वर्षांच्या वरचे, रूढीप्रमाणे लग्न करायला दोघांची संमती, आणि लग्न रूढीप्रमाणे ठरलेले व लागलेले किंवा साजरे झालेले. तिसरी अट मुद्दाम सैल ठेवली आहे, कारण झुलूंची रीत वेगळी, व्हेंडांची वेगळी, त्सोंगांची वेगळी. लोबोला हा त्यातला बहुतेकांचा समान धागा. मुलाकडून मुलीच्या घरी द्यायचे हे देणे पूर्वी गुरांत असे, आज बहुतेकदा पैशांत. आपल्याकडच्या वारली समाजात देज देतात, त्याच जातीचे. वाटाघाटी दोन्ही घरचे मामा-काका करतात आणि जे ठरेल ते कागदावर लिहून दोन्हीकडचे सह्या करतात. हा कागद पुढे फार कामाचा ठरतो.

नोंदणीसाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत दिली. नवरा-बायको ओळखपत्रे घेऊन जातात, सोबत दोन्ही घरचे साक्षीदार, आणि असल्यास लोबोलाचा लेखी करार. मग अधिकारी चौकशी करून प्रमाणपत्र देतो. पण त्याच कलम ४ च्या शेवटी एक ओळ आहे: नोंद केली नाही म्हणून लग्नाची वैधता जात नाही. प्रमाणपत्र हा प्रथमदर्शनी पुरावा, एवढाच त्याचा मान. ही ओळ नसती तर खेड्यापाड्यातल्या असंख्य बायका कायदा येऊनही बाहेरच राहिल्या असत्या. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. नोंद ऐच्छिक होऊन बसली की ती करायची आठवण माणूस मेल्यावर होते. घर, पेन्शन, बँकेतले पैसे, सगळीकडे ‘तुम्ही त्यांच्या कोण?’ असे विचारतात, आणि उत्तर द्यायला बायको एकटी उरते. साक्षीदारांपैकी निम्मे वारलेले असतात, आणि दुसरी कोणी दावेदार आधीच रांगेत असेल तर कारकुनापुढे दोन तोंडी हकिकती येतात. त्यातली खरी कोणती हे ठरवायचा अधिकार त्याला नाही, आणि साधनही नाही.

दोन न्यायालये, दोन टोके

उच्च न्यायालयाने २०१० साली पहिलीच्या बाजूने निकाल दिला, पण तिने सांगितलेल्या मुद्द्यावर नव्हे. त्याने पकडले कलम ७(६). रूढीने लग्न झालेल्या नवऱ्याला आणखी एक बायको करायची असेल तर त्याने आधी न्यायालयात जायचे, भावी मालमत्ता-व्यवस्थेचा लेखी करार मंजूर करून घ्यायचा, आणि त्या कामकाजात असलेली बायको व होणारी बायको दोघींना पक्षकार करायचे, असे हे कलम सांगते. हेतू सरळ आहे. पहिलीने वीस वर्षे राबून उभे केलेले घर दुसरीच्या आगमनाने आपोआप तिघांत वाटले जाऊ नये. इथे नवऱ्याने असा कुठलाच अर्ज केला नव्हता. कलमातला शब्द सक्तीचा आहे. सक्ती मोडली, म्हणून दुसरे लग्न मुळातूनच रद्द, असे उच्च न्यायालय म्हणाले.

दुसरी अपिलात गेली. २०१२ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल फिरवला. त्यांचा तर्क दुसरीच्या जागी उभे राहून केलेला होता. करार करण्याची जबाबदारी नवऱ्याची, ती त्याने टाळली, आणि शिक्षा कोणाला, तर त्या बाईला? जिने कदाचित चांगल्या विश्वासाने लग्न केले, जिच्या घरच्यांनी लोबोला घेतला, तिला नवरा मेल्यावर सांगायचे की तू त्याची कोणीच नव्हतीस? कायदा स्त्रियांच्या रक्षणासाठी केला आणि त्यानेच एक स्त्री रस्त्यावर आली, असा अर्थ लावता येणार नाही. म्हणून दोन्ही लग्ने वैध. करार नसल्यामुळे दुसऱ्या लग्नात मालमत्ता सामाईक धरायची नाही, इतकेच.

हा तर्क मला आजही हलका वाटत नाही. पण त्यात पहिलीचा मूळ मुद्दा गायब झाला होता. ती करार-बिरारबद्दल बोलतच नव्हती. आमच्या त्सोंगा रीतीत मला विचारल्याशिवाय दुसरी येत नाही, असे ती म्हणत होती. आणि तिच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिले होते खुद्द तिच्या दिराने, मयताच्या भावाने. घरातला मोठा माणूस म्हणून त्याने सांगितले की आमच्याकडे पहिलीची संमती लागतेच. भावाने गुपचूप केलेल्या लग्नाला भाऊच नाही म्हणतो आणि वहिनीच्या बाजूने उभा राहतो, हे या खटल्याच्या कागदपत्रांतले सर्वांत बोलके पान आहे. खालच्या न्यायालयांनी ते जवळजवळ उलटूनच टाकले.

रूढी विचारायला न्यायालय गावात गेले

घटना न्यायालयात सुनावणी झाली ८ नोव्हेंबर २०१२ रोजी. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारे विमेन्स लीगल सेंटर, स्त्री-पुरुष समानता आयोग आणि रूरल विमेन्स मूव्हमेंट यांना न्यायमित्र म्हणून बाजू मांडता आली. सुनावणीनंतर न्यायालयाने निकाल न देता एक वेगळीच गोष्ट केली. त्सोंगा रूढीत पहिल्या बायकोच्या संमतीबाबत नेमके काय आहे, याचा आणखी पुरावा मागवला.

मग प्रतिज्ञापत्रे आली. बहुपत्नी कुटुंबांत प्रत्यक्ष राहिलेल्या माणसांची, परंपरागत प्रमुखांची, त्यांना सल्ला देणाऱ्यांची, अभ्यासकांची. ती एका साच्यातली नव्हती. पहिलीला आधी सांगितले पाहिजे, यावर बहुतेकांचे जमले. ती नाही म्हणाली तर काय, इथून वाटा फुटल्या. कोणी म्हणाले, तिच्या माहेरच्यांना बोलावून समजूत काढतात. कोणी म्हणाले, अडूनच बसली तर काडीमोडापर्यंत जाते. कोणी म्हणाले, तिची संमती नसेल तर लग्नच होत नाही. कोणी म्हणाले, सांगणे एवढेच बंधन. पुढे नवऱ्याची मर्जी.

एरवी अशा वेळी न्यायालय काय करते? साक्षी परस्परविरोधी आहेत, रूढी सिद्ध झाली नाही, अर्ज फेटाळला. इथे बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती फ्रोनमन, खाम्पेपे आणि स्क्वेयिया यांनी एकत्र लिहिले, आणि त्यांनी ही पायवाट नाकारली. जिवंत रूढी वेगवेगळ्या तोंडांतून थोडी वेगवेगळी ऐकू येणार. तो विरोधाभास मानायची गरज नाही, त्या रूढीचे ते बारकावे असतात, असा त्यांचा सूर आहे. शंभर वर्षांपूर्वी मिशनऱ्यांनी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या संहितेपेक्षा आज लोक काय पाळतात हे पाहायचे. १९९६ च्या राज्यघटनेचे कलम २११(३) न्यायालयांना रूढी लागू असेल तिथे ती लावायला सांगते, आणि त्याच वेळी ती घटनेच्या अधीन ठेवते.

निकाल दोन पायऱ्यांत आहे, आणि इथे बरेच वाचक घसरतात.

पहिली पायरी: २००८ साली जी रूढी होती तिच्याप्रमाणेही पहिलीला कळवणे आवश्यक होते. तिला कळवले नव्हते. म्हणून दुसरे लग्न अवैध. या खटल्यातल्या दोन बायकांचा निवाडा इथेच संपला.

दुसरी पायरी: नुसते कळवणे समानता आणि प्रतिष्ठेच्या घटनात्मक हक्कांना पुरत नाही. नवऱ्याने दुसरी आणली की पहिलीच्या शरीराचे, घराचे, पैशांचे, मुलांच्या वाट्याचे सगळे गणित बदलते. त्यात तिचा शब्द नसेल तर ती त्या घरात बरोबरीची राहत नाही. म्हणून न्यायालयाने त्सोंगा रूढीचाच विकास केला: यापुढे पहिलीची संमती असेल तरच पुढचे लग्न वैध. ‘यापुढे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. जुन्या, संमतीविना पण रीतीप्रमाणे झालेल्या लग्नांना हा नियम मागे जाऊन लागत नाही. संमती कशी द्यायची याचा नमुना न्यायालयाने ठरवून दिला नाही. शहरी कायद्याची ‘संमती’ची व्याख्या उचलून गावावर लादू नका, असेही बजावले.

म्हणजे पहिली ज्या मुद्द्यावर लढत होती तो मुद्दा न्यायालयाने मान्य केला, पण भविष्यातल्या बायकांसाठी. तिला स्वतःला विजय मिळाला त्याहून पातळ कारणावर. हे खटकते. न्यायमूर्ती झोंडो आणि न्यायमूर्ती जाफ्टा यांनी स्वतंत्र निकालपत्रांतून जे म्हटले त्याचा गाभा हाच: पहिलीचे आणि दिराचे म्हणणे कोणी खोडून काढलेले नव्हते, मग बाहेरून आणखी पुरावा मागवायची आणि रूढीचा ‘विकास’ करायची गरजच काय? तिने सांगितले की संमती लागते. तीच रूढी समजा आणि निकाल द्या. शेवटच्या उत्तरावर सगळे एकत्र होते, रस्त्यावर नव्हते.

वकिली तंत्राने बघितले तर मला जाफ्टा-झोंडो यांची बाजू अधिक सरळ वाटते. घरातल्या बाईची आणि दिराची साक्ष पुरेशी नाही, प्राध्यापकाची हवी, असा अर्थ बहुमताच्या कृतीतून निघू शकतो. तरीही बहुमताने जे केले ते केले नसते तर पुढच्या खटल्यात ‘ते एका कुटुंबाचे मत होते’ म्हणून निकाल बाजूला सारता आला असता. प्रतिज्ञापत्रे आल्यामुळे त्याला समाजाचा आधार मिळाला.

आपल्याकडचा एक निकाल शेजारी ठेवून

महाराष्ट्रातून गेलेला एक जुना खटला इथे आठवतो. ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, सर्वोच्च न्यायालय, १९६५. पहिली बायको असताना दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने केले म्हणून द्विभार्येचा गुन्हा. न्यायालय म्हणाले, होम आणि सप्तपदी झाली नाही, आणि ती वगळण्याची रूढी त्या समाजात आहे असेही सिद्ध झाले नाही. म्हणून ते दुसरे लग्न कायद्याच्या अर्थाने ‘लागलेच’ नाही. म्हणून गुन्हा नाही. दुसऱ्या लग्नात खोट निघाली आणि तिचा फायदा नवऱ्याला झाला. २००१ मध्ये संथाळ नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध ओराँव समाजातल्या पत्नीने केलेली तक्रारही अशीच पडली: दुसरे लग्न रद्द ठरवणारी रूढी तिने सिद्ध केली नाही, सबब काही करता येत नाही.

तुलना पूर्ण जुळत नाही. आपले खटले फौजदारी, तिथला दिवाणी. फौजदारीत पुरावा काटेकोर मागावाच लागतो. पण रूढी सिद्ध करायचे ओझे एकट्या तक्रारदार बाईच्या डोक्यावर ठेवून बसणे आणि न्यायालयाने स्वतः विचारायला निघणे, यांत किती अंतर पडते ते दिसते.

निकालानंतर

केनियाने दहाच महिन्यांत उलट दिशा धरली. तिथल्या विवाह विधेयकावर मार्च २०१४ मध्ये चर्चा होती. रूढीविवाहात दुसरी आणताना पहिलीला विचारायची तरतूद पुरुष खासदारांनी काढून टाकली; स्त्री खासदार संतापून सभागृहाबाहेर पडल्या; एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्ष केन्याटांनी सही केली. त्याच कायद्याने रूढीविवाहांच्या नोंदणीची पद्धतशीर व्यवस्थाही आणली. प्रमाणपत्र मिळते, पण सवत येणार हे कळायचा हक्क मिळत नाही. नोंदणी आणि न्याय बरोबर चालतातच असे नाही, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधायला नको.

दक्षिण आफ्रिकेत पुढे वाद सरकला तो ‘लग्न लागले कधी’ याकडे. प्रसिद्ध रॅपर जाबुलानी त्सांबो ऑक्टोबर २०१८ मध्ये वारला. त्याच्या वडिलांचे म्हणणे की लेराटो सेंगाडी ही त्याची बायको नव्हे. लोबोलाची बोलणी झाली, पण नवरीला रीतसर सासरी सोपवलेच नाही. ती म्हणाली, २८ फेब्रुवारी २०१६ रोजी बोलणी संपताच त्याच्या आत्यांनी मला त्याच्या कपड्यांना जुळणारा पोशाख नेसवला, सगळ्यांसमोर त्सांबोंची सून म्हणून पुढे केले, अभिनंदन केले. आणखी काय हवे? उच्च न्यायालयाने अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी तिला पत्नी ठरवले, अंत्यसंस्कार मात्र थांबवले नाहीत. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने वडिलांचे अपील फेटाळले: सोपवणी प्रतीकात्मकही असू शकते, ती नाही म्हणून लग्न पडत नाही. रूढी बदलते, हे मायेलाने खटल्याने आधीच ठसवलेले होते.

मालमत्तेचा प्रश्न वेगळ्या रांगेने सुटत गेला. २००८ च्या गुमेडे निकालाने २००० पूर्वीच्या एकपत्नी रूढीविवाहांत बायकोला सामाईक मालमत्तेचा हक्क मिळाला. २०१७ च्या रामुहोव्ही निकालाने जुन्या बहुपत्नी विवाहांतल्या बायकांनाही वाटा दिला. २०२१ च्या दुरुस्तीने हे कायद्यात लिहिले गेले. १९८४ साली लग्न झालेल्या आपल्या पहिलीसाठी यातला पहिला निकाल निर्णायक होता. दुसरे लग्न पडल्यावर ती एकमेव पत्नी, आणि अर्धा हिस्सा वारसाहक्काच्या आधीच तिचा.

दुसरीचे काय झाले, हा प्रश्न निकालात जवळजवळ नाही. अपील न्यायालयाची काळजी, म्हणजे नवऱ्याच्या लबाडीची किंमत दुसरीने का भरावी, घटना न्यायालयाने फारशी सोडवली नाही. कलम ७(६) च्या अर्थाला त्याने हातही लावला नाही, कारण तो मुद्दा त्याच्यापुढे आव्हानात नव्हताच. म्हणजे न्यायालयाच्या मंजुरीचा करार न करता केलेले पुढचे लग्न केवळ त्या कारणाने रद्द होत नाही, हे अपील न्यायालयाचे म्हणणे तसेच उभे आहे. लग्न ठरवताना मुलीच्या घरच्यांनी ‘आधीची बायको आहे का, आणि तिला सांगितले का’ हे विचारायचे, आणि शक्य तर तिला स्वतःला बोलणीत बसवायचे, एवढाच इलाज दुसरीच्या हातात राहतो. गृहखात्याच्या खिडकीवर हे कळायची सोय नाही. पहिलीचीच नोंद नसेल तर अधिकारी पाहणार कुठे?

आणि निकाल आहे फक्त त्सोंगा रूढीपुरता. न्यायालयाने हे स्वच्छ मर्यादित ठेवले. झुलू, व्हेंडा किंवा पेडी घरात नवरा उद्या न सांगता दुसरी घेऊन आला, तर तिथल्या पहिलीला पुन्हा आपली प्रतिज्ञापत्रे गोळा करावी लागणार, आणि तिचा दीर तिच्या बाजूने बोलेलच असे नाही.